कपाळाच्या कडेचे केस

"बाई, का थांबलात?"

मिओरीने विचारलं तेव्हा तामाए लाकडी फळीवर वाकलेली होती. सुरीचं टोक फळीवरच्या चेहऱ्याच्या कानशिलापाशी टेकलं होतं. टेकलंय, हे तिला फक्त डोळ्यांनी दिसत होतं. डाव्या हाताचं मधलं बोट पात्याला लावलेलं होतं, पण त्या बोटाला काहीच कळत नव्हतं.

तिने सुरी उचलली. "तेल सुकलंय जरा," ती म्हणाली आणि बोटावर तेल घेऊन चोळत बसली. तेल सुकलेलं नव्हतं.

समोर उशीवर गुडघे मोडून बसलेली मिओरी ही चित्रकार. फळीवरचा चेहरा तिच्या आईचा. आई जाण्याच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून तिने तो पातळ कागदावर कुंचल्याने काढला होता. ठसे काढायचे तर चित्र पालथं करून चेरीच्या फळीवर चिकटवावं लागतं. मागचा कागद चोळून काढला आणि तेल लावलं की रेषा वर येतात. मग त्या कागदासकट लाकूड कोरायचं. फळी तयार होते तेव्हा चित्र उरलेलं नसतं.

"फोटो तरी काढून ठेवलायस ना?" चिकटवण्याआधी तामाएने विचारलं होतं.

"नाही. फोटो असता तर तुमचा हात सैल पडला असता. आणि बाई, चेहरा तुम्हीच कोरायचा. दुसऱ्या कुणी नाही."

"या घरात चेहरा मीच कोरते," तामाए म्हणाली होती.

ते खरंच होतं. कारखान्यात आता दोघंच उरली होती. चेहरा आणि केस तामाएचे. कपडे, झाडं, अक्षरं कुनिहारूची. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण कामाला तिच्यामागून लागला, म्हणून अडतीस वर्षं तिला ताई म्हणत आला होता. पहिल्याच वर्षी दोघांना शिकवणाऱ्या उस्तादांनी सगळ्यांदेखत त्याला सांगून टाकलं होतं, "तुझा हात कापडाचा, चेहऱ्याचा नाही." त्यानंतर त्याने कधी डोकं कोरायला मागितलं नाही, कुणी दिलंही नाही.

डोळे, नाक, हनुवटी काल झाली होती. राहिले होते कपाळाच्या कडेचे केस. चित्रात ते नसतातच. चित्रकार तिथे शाईचा नुसता पट्टा ओढतो. एका मिलिमीटरमध्ये तीन केस बसवायचे ते कोरणाऱ्याने, आपल्या अंदाजाने. एक फुटला तर त्याच्यासोबत कपाळाची कड जाते. उद्या सकाळी फळी छापणाऱ्याकडे पोचायची होती. त्याने कागद भिजवायला घेतलेसुद्धा होते.

तामाएने बाजूचा चेरीचा तुकडा ओढला. "हात मोकळा करते," ती कुणाकडे न बघता म्हणाली. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून दिव्याचा उजेड तुकड्यावर पडत होता. तिने पाच केस कोरले. दुसरा आणि चौथा मुळाशीच उडाले.

खिडकीपाशी किमोनोचा रंग छापायची वेगळी फळी घेऊन बसलेल्या कुनिहारूची मोगरी थांबली.

"ताई, चहा ठेवू?"

"नको."

"कप उजव्या हातात द्यायचा ना?"

तिने मान वर केली. त्याचा चेहरा साधाच होता.

"कधीपासून बघतोयस?"

"हिवाळ्यापासून. शेगडीवरची किटली डाव्या हाताने धरलीत आणि सोडलीच नाहीत. कातडी लाल झाली तरी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही मोगरी फेकून मारली असती."

"आता पण मारीन," तामाए म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

मिओरी उठून उभी राहिली होती. "काय झालंय बाई? मला कळेल असं सांगा."

तामाएने सुरी फडक्यावर ठेवली. टोक कुठे आहे ते ज्या बोटाने समजायचं ते बोट मेलंय, असं तिने सरळ सांगितलं. काल चेहरा निभावला, केस निभणार नाहीत.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. तो पाळला तर तुझ्या आईचं कपाळ जाईल."

"म्हणजे काल कोरताना तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मिओरीचे ओठ पांढरे पडले. रस्त्यावरून ट्राम गेली, काचा थरथरल्या, थांबल्या.

"कुनिहारू कोरेल," तामाए म्हणाली.

"मी?" तो म्हणाला. "माझा हात कापडाचा आहे ताई. असं मी नाही, उस्ताद म्हणाले होते."

"ते गेले. मी आहे. इकडे ये."

मिओरीने त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही आजवर एक तरी चेहरा कोरलाय?"

"नाही."

"केस?"

"पावसाच्या रेषा कोरल्यात. गवत कोरलंय. डोकं एकही नाही."

तामाएने चेरीचा तोच तुकडा त्याच्यापुढे सरकवला. आपले फुटलेले दोन केस तिने झाकले नाहीत. "याच्या शेजारी कोर. तिला बघू दे."

कुनिहारूने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग पाच केस कोरले. मिओरीने भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून राहिली.

"एक जाड आलाय."

"आलाय," तो म्हणाला. "पण उभा आहे."

मिओरी सगळं नजरेखालून घालत राहिली: तुकडा, फळी, तामाएचं ते बोट. शेवटी परत उशीवर बसली. "कोरा," ती म्हणाली. "मी उठणार नाही."

तामाए आपल्या जागेवरून उठली. सुरी तिची होती. मुठीवर तिच्या अंगठ्याने खळगा पाडला होता. तिने ती फडक्यासकट कुनिहारूच्या हातात दिली.

"कानशिलाकडून सुरू कर. आणि श्वास सोडून झाल्यावर काप, सोडताना नको."

"हो ताई."

तो तिच्या जागी बसला. ती खिडकीपाशी त्याच्या जागी गेली. तिथली रंगाची फळी अर्धी राहिली होती. ज्या भागाचा ठसा उमटायचा नाही तिथलं लाकूड मोगरी मारून उकरायचं होतं. कारखान्यात आल्यावर पहिल्या वर्षी हेच काम देतात. तिने पटाशी लावली, मोगरी उचलली आणि तशीच धरून ठेवली. ठोका मारला तर जमीन हादरेल, त्याची सुरी घसरेल.

पलीकडे त्याची सुरी उठली. तिने एक ठोका मारला. सुरी पुन्हा टेकली, तशी ती मोगरी मांडीवर ठेवून थांबली.