सल्ल्याचा तास

“अडचण खोटी पाहिजे, कासीम,” गंगाधर मास्तर खडू हातातच धरून म्हणाले. “वाघाचा दात दुखतो, राजाचा हत्ती हरवला, असलं काहीतरी काढ.”

कासीम उभाच राहिला. गिरणीच्या हजेरी खात्यातला हा तरुण कारकून एरवी वर्गाला हसवायचा. आज त्याच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

“खोटी सुचंना, मास्तर. अम्मी गावाकडं, मोहोळला, लई आजारी हाय. काल सांगावा आलाय. आन् उद्या सायब वरच्या जागेसाठी परीक्षा घेणार. जाऊ का राहू?”

चटयांवर बसलेले आठ-नऊ जण फळ्याकडं बघू लागले. मास्तरांची नजर मात्र शेवटच्या चटईवर गेली. तिथं गुरप्पा मान खाली घालून वहीत समास आखत होता.

दर रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर मास्तर गिरणीतल्या माणसांना इंग्रजी शिकवीत. शिकवण्याची तऱ्हा त्यांनी कीर्तनातून उचलली होती. बुवा आधी तत्त्व मांडतात आणि मग आख्यान लावतात, तसे मास्तर आधी नियम सांगत: अमुक क्रियापदामागं ‘टू’ येतो, तमुकामागं ‘इंग’चं शेपूट. मग एकानं उठून आपली अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी इंग्रजीत सल्ले द्यायचे. स्टॉप वरीइंग. ट्राय टू स्लीप. हसता हसता नियम अंगात मुरायचा. पूर्वी या अडचणी खऱ्या असत. कुणाची सासू बोलायची, कुणाचा घरमालक पाणी भरू द्यायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी गुरप्पा असाच उठला होता. बायको पहिलटकरीण, अक्कलकोटला माहेरी गेलेली. तिला जड जातंय असा निरोप आलेला. आणि दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कच्या जागेची मुलाखत. वर्गातून सल्ले उडाले. मास्तरांना त्या दिवशी ‘टू’चा एक चांगला नमुना हवा होता. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, आय अ‍ॅडव्हाइज यू टू वेट. वळण छान आलं म्हणून ते मनाशी खूशही झाले. गुरप्पा पुढं आला, त्या ओळीला बोटं लावून त्यानं ती खडूची बोटं कपाळाला टेकवली. सगळे हसले. मास्तरही हसले.

तो थांबला. जागा मिळाली. अक्कलकोटला पोचला तेव्हा माती देऊन झाली होती, बायकोलाही आणि तिच्या पोटातल्यालाही. तेव्हापासून मास्तरांनी वर्गात खऱ्या अडचणी बंद केल्या.

पुढच्या रविवारी तो वर्गात येऊन बसला. त्याच्या पुढच्याही. हेडक्लार्क झालेल्या माणसाला इथं शिकायचं काय उरलं होतं? तो बोलत नसे, कुणाला सल्ला देत नसे. फळ्यावरचं उतरवून घेई आणि निघून जाई. मग तो मास्तरांना देवळातही दिसू लागला. बुवा रंगात आले, मृदंग भरून वाजू लागला, की खांबाआड कपाळाला खडू लागलेला एक माणूस. डोळे मिटले तर आणखी जवळ. लहानपणापासून ज्या कीर्तनाची मास्तरांनी एकही एकादशी चुकवली नव्हती, तिथं त्यांना बसवेना. तो सल्ला नव्हता हो, एवढंच एकदा गुरप्पाला सांगून टाकावं असं दर रविवारी मनात येई, आणि दर रविवारी जीभ उचलत नसे.

“मास्तर?” कासीम म्हणाला.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “हा सल्ला फळ्यावरचा नव्हे, माझा आहे. आत्ता ऊठ आणि स्टेशन गाठ. साहेबाला मी भेटतो. तो ऐकेल न ऐकेल, तू जा.”

कासीम वही तिथंच टाकून गेला. मास्तर वर्गातून वाट काढत शेवटच्या चटईशी आले.

“गुरप्पा, ते नुसतं वाक्य होतं. माझा सल्ला नव्हता. तुमच्या घरच्यांचा विचारसुद्धा मी केला नव्हता.”

गुरप्पानं वही मिटली.

“ठावं हाय की, मास्तर. त्याच दिवशी ठावं हुतं.”

“मग थांबलात का?”

“मला जागा पायजे हुती. मी थांबणारच हुतो. तुमी लिवलं, मला आडोसा घावला.” तो मिटलेल्या वहीशीच बोलत होता. “सासऱ्यानं इचारलं तवा सांगितलं, गुरूचा शब्द हुता. दर ऐतवारी येतो ते तुमास्नी खरं सांगायला. आन् तुमचं त्वांड बघितलं की धीर होत न्हाय.”

बाकीचे एकेक करून उठले आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले.

मास्तरांना राग यायला हवा होता. तीन वर्षांची झोप गेली होती त्यांची. पण मनात भलतंच आलं. जिच्यापायी आपण इतके झुरलो, त्या बाईचं नावदेखील आपण कधी विचारलं नाही.

“नाव काय होतं त्यांचं?”

गुरप्पानं वही बाजूला ठेवली. “सुंदरम्मा.”

मास्तरांनी, सुतकाच्या घरी काढतात तशी, डोक्यावरची टोपी काढली आणि ती मांडीवर घेऊन ते त्याच्या शेजारी बसले. “सांगा त्यांच्याविषयी,” म्हणाले.

गुरप्पा मराठीतून सुरू झाला आणि दोन वाक्यांत आपल्या घरच्या कानडीत गेला. मास्तरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ऊन पायऱ्या चढून चटईपर्यंत आलं, तरी ते मधे न बोलता ऐकत राहिले.