डब्याचं झाकण

झाकण वाजवायचं, पण हळूच, असं केशवने तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, प्रेमलताने, जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मान डोलावली. सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर कुत्र्यांच्या स्पर्धेसाठी दोरीचं रिंगण आखलं होतं. आत कुत्री आणि त्यांचे मालक, बाहेर खुर्च्यांवर साहेबलोक, त्यांच्या मागे उरलेली जनता. केशवने ताईसाठी दोरीजवळची, पण कडुलिंबाच्या आडची जागा हेरून ठेवली होती.

झाकणाचा शोधही त्याचाच. प्रेमलता टेलिफोन ऑफिसातून महाल भागातल्या घरी परतायची ती डब्यात पोळीचा शेवटचा चतकोर राखूनच. फाटकाशी झाकण वाजलं की अंगणातला शेरू उठून उभा राहायचा, कान ताठ, मान वर, शेपूटसुद्धा हलत नसे. हा अल्सेशियन आणला केशवने, मित्रांत मिरवायला. त्याला खाऊ घालणं, फिरवणं, गोचिड्या काढणं ताईकडे आलं. हौस एकाची आणि उस्तवार दुसऱ्याची, हे त्या घरात नवं नव्हतं. केशवच्या शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक दारात शब्द टाकायला ताईच गेली होती, आणि दार उघडलं की आत एकटा केशव जायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी निघताना केशव म्हणाला होता, "यंदा कप नाही आला, तर काटोलले धाडून देतो याले. माह्या साळ्याले संत्र्याच्या बागेत राखणीले कुत्रा पाहिजेच आहे." केशव बोलला की करायचा. बाकी कशात नसली तरी असल्या गोष्टींत त्याची जिद्द दांडगी.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर सूचना झाली, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. रिंगणाबाहेरून कुणीही कुत्र्याला हाक मारू नये, काही दाखवू नये, आवाज करू नये. प्रेमलताने उगाच पदर सावरला. आपण हाक मारणार नाही, दाखवणारही काही नाही, असं तिने मनाला समजावलं. आवाजापाशी येऊन ते समजावणं अडलं.

परीक्षक शेरूसमोर आले. ठरल्याप्रमाणे केशवने स्वतःच्या कॉलरला हात लावला. तिने झाकण हळूच वाजवलं. शेरू असा उभा राहिला की खुर्च्यांतून माना वळल्या. शेवटच्या फेरीसाठी परीक्षकांनी दोनच कुत्री ठेवली, एक शेरू आणि दुसरी चांदी नावाची सडपातळ कुत्री. चांदीला घेऊन गोपाळराव नावाचे गृहस्थ कोराडीहून कुणाच्या तरी रिकाम्या ट्रकमधून आले होते.

फेरीच्या आधी गोपाळराव चांदीला थोपटत दोरीपाशी आले. प्रेमलताने डबा पदराआड घेतला.

"बाई, एक विनंती हाय," ते म्हणाले. "दोन मिनिटं डबा खाली ठेवता का? दिवाळीच्या फटाक्यांपासून ही आवाजाले भिऊन राहिली. तुमचं लक्ष नसन, पण झाकण वाजलं की बिचकते. जेवाची वेळ झाली, मले समजते. दोनच मिनिटं."

तिला ते चोर म्हणाले असते तर तिने भांडून घेतलं असतं. पण त्यांना वाटलं होतं, बाईला भूक लागली आहे. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

शेवटची फेरी सुरू झाली. केशवने कॉलरला हात लावला. पुन्हा लावला. शेरू मान वळवून कडुलिंबाकडे तिला शोधत होता. प्रेमलताने पाठ फिरवली, झाकणावर अंगठा दाबून आवाज न होऊ देता डबा उघडला आणि शेरूसाठी आणलेला चतकोर स्वतःच खाऊन टाकला. शेरू आता जाणार, हे तिला प्रत्येक घासाला कळत होतं.

शेरूने साखळीला हिसके दिले, कप चांदीला गेला.

"काहून नाही वाजवलं वं, ताई?"

"मले लाज वाटली, केशव."

जन्मात पहिल्यांदा तिने त्याला नाही म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी काटोलची जीप दारात आली. शेरू काही केल्या आत चढेना. ओढलं, दटावलं, उचलून पाहिलं, त्याने चारी पाय रोवले. शेवटी केशवने ताईकडे पाहिलं आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या डब्याकडे. त्याला मागायचा धीर झाला नाही, एवढं श्रेय तरी त्याच्या पदरात टाकायला हवं.

प्रेमलता डबा घेऊन स्वतः जीपमध्ये जाऊन बसली आणि तिने झाकण वाजवलं. शेरू एका उडीत आत आला. तिने त्याला चतकोर भरवला, कानामागे खाजवलं, आणि तो खात असतानाच दुसऱ्या बाजूने उतरून दार लावून घेतलं.

ऑफिसच्या डब्यात चतकोर अजून उरतो. फाटकाशी आली की ती झाकणावर अंगठा दाबून धरते आणि गुपचूप घरात शिरते.