कातड्याचा नारळ

मित्रांनो, मी एक जुना आणि अतिशय भित्रा चेंडू आहे. चेंडू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गोल गरगरीत फुटबॉल आला असेल. तसा मी नाही. मी लांबट आहे, दोन्ही टोकांना निमुळता. न सोललेला नारळ असतो ना, ज्याला गोव्यात असोला नारळ म्हणतात, तसा. माझ्याशी जो खेळ खेळतात त्याला रग्बी म्हणतात. त्यात गडी मला छातीशी धरून पळतो आणि बाकीचे दणकट गडी त्याच्या अंगावर कोसळतात. त्या ढिगाच्या सर्वांत खाली कोण असते, ते सांगायला नको. भित्रेपणा मला तिथूनच लागला.

माझा जन्म जालंधरचा. कातड्याचे चार तुकडे शिवून माझे अंग केले आणि पोटात रबराचा फुगा घातला. पण हवा भरायच्या भोकापाशी जन्मापासून एक खोट राहिली. तिथून हवा झिरपते. सकाळी मी टणक असतो, संध्याकाळी मऊ पडतो. आपण हळूहळू रिकामे होत आहोत हे ज्याला कळते, त्याला झोप कशी लागणार?

फिरत फिरत मी पॅसिफिक महासागरातल्या टोंगा नावाच्या बेटांच्या देशात पोहोचलो. तिथे सिओने नावाच्या एका धिप्पाड तरुणाने मला उचलले. तो अनवाणी खेळायचा आणि मला उभ्या जागेवरून इतके लांब आणि नेमके फेकायचा की पलीकडच्या गड्याला नुसते हात पुढे करावे लागत. त्याचे नाव समुद्र ओलांडून गेले आणि एके दिवशी जपानहून बोलावणे आले.

त्या काळी जपानमधल्या मोठ्या कारखान्यांचे आपापले रग्बी संघ असत आणि ते दूरदूरच्या देशांतून नामांकित खेळाडू आणीत. सिओनेला एका पोलादाच्या कारखान्याने नेले. घरून त्याने दोनच वस्तू घेतल्या, आईने विणलेली चटई आणि मी. कागदोपत्री तो कारखान्याचा नोकर होता. सकाळी लहानशा खुर्चीत अंग चोरून बसायचे, दुपारी मैदानावर उतरायचे. मैदानात हजारो माणसे त्याच्या नावाने ओरडत. लहान मुले त्याच्या दंडाला हात लावून पाहत. पण खोलीवर परतल्यावर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी नव्हते. म्हणून रोज सकाळी माझ्यात हवा भरताना तो माझ्याशीच बोलायचा. पंप मारायचा, तळहाताने माझे पोट दाबून बघायचा आणि म्हणायचा, "आजचा दिवस निभेल."

मग एका सामन्यात त्याचा गुडघा निखळला. टाळ्या थांबल्या. कारखान्याचे एक साहेब आले, कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला आणि अतिशय गोड शब्दांत सांगितले की पुढच्या हंगामापर्यंत गुडघा बरा झाला नाही, तर घरी परत जावे लागेल. मित्रांनो, रागावून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अशी गोड गोष्ट फार भीती घालते. तोवर बसून कशाला राहायचे, म्हणून सिओनेला खनिजाच्या खात्यात टाकले आणि लोखंडाची माती आणायला जाणाऱ्या एका जहाजावर गोव्याला धाडले. "गुडघा गेला, तर मी कोण?" असे तो मला विचारायचा. मी आपला संध्याकाळ झाली की मऊ पडत होतो.

त्या वर्षी गोव्याचे नुकतेच वेगळे राज्य झाले होते. डिचोलीच्या खाणींतली लाल माती बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटींतून, मांडवी नदीने खाली यायची आणि समुद्रात उभ्या असलेल्या आमच्या जहाजावर चढायची. बार्जवरची माणसे दोरखंड बांधता बांधता कोकणी की मराठी यावर कडाकडा भांडत आणि जेवताना एकाच ताटातली सुकी मासळी खात. त्यांच्यात सगुण नावाचा एक तरुण खलाशी होता. मूळचा सावंतवाडीकडचा, बिऱ्हाड डिचोलीत, लग्नाला वर्षही झाले नव्हते.

एका संध्याकाळी अचानक लाटा उसळल्या. बार्ज जहाजापासून हिसका मारून लांब गेली आणि ताणलेल्या दोरीला सगुण लोंबकळला.

"सगुणा, सोड ती दोरी! हात जायत तुजो!" बार्जचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, रघुनाथ ओरडला.

सगुणने दोरी सोडायच्या आत ती तुटली. तिचा फटका त्याच्या उजव्या खांद्यावर बसला आणि तो समुद्रात पडला. पोहणे त्याला येत होते, पण उजवा हात लुळा पडलेला आणि ओढ बाहेरच्या दिशेने. रघुनाथने टाकलेले तरंगते रबरी कडे अर्ध्यावरच पडले. सगुणचे डोके एकदा दिसे, एकदा नाहीसे होई.

सिओने कठड्याशी उभा होता. मी त्याच्या हातात होतो. त्याने मला एकदा दाबून पाहिले आणि माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. त्याला काय करायचे आहे ते मला कळले होते. त्याने दुखऱ्या गुडघ्यावरचा भार काढला आणि मला फेकले. मी भिंगरीसारखा फिरत सगळ्यांच्या डोक्यांवरून गेलो आणि सगुणच्या डाव्या हातापाशी पडलो. त्याने मला कवटाळले.

मित्रांनो, मी तेव्हा किती घाबरलो होतो! कानापाशी बुडबुड आवाज येत होता आणि तो माझ्याच हवेचा होता. एक बुडबुडा गेला, दुसरा गेला. सगुण "देवा रवळनाथा" म्हणत होता आणि मी मनात म्हणत होतो, सकाळी सिओनेने किती पंप मारले होते? पुरे होतील का? छोटी होडी आमच्यापर्यंत आली तेव्हा माझ्या अंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. पण आम्ही दोघेही वर होतो.

सगुणची बोटे माझ्यावरून सुटेनात. सिओने हसला. त्याने ती बोटे पुन्हा माझ्यावरच मिटवली, म्हणजे मी आता सगुणचा. मग त्याने खुणेने काही सांगितले. दोन्ही गाल फुगवले, स्वतःच्या पोटावर दोनदा थापट्या मारल्या आणि मावळत्या सूर्याकडे बोट दाखवून ते बोट गोल फिरवून पूर्वेकडे आणले. सगुणने भक्तिभावाने हात जोडले. पुढच्या आठवड्यात जहाज सुटले. सिओने पुन्हा कधी खेळला की नाही, ते मला आजवर समजलेले नाही.

डिचोलीत माझे स्वागत देवासारखे झाले. हा नारळाच्या आकाराचा, समुद्रातून आलेला, धन्याला तारणारा. मला देवांच्या फळीवर बसवले. सगुणची बायको देवकी. तिला त्याने सिओनेच्या खुणा करून दाखवल्या आणि अर्थही सांगितला. गाल फुगवणे म्हणजे फुंकर. गावचा घाडी भूतबाधेवर घालतो, तशी. पोटावर हात म्हणजे पोटापाण्याला बरकत आणि सूर्य म्हणजे सूर्यनारायण साक्षीला. झाले! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी उदबत्ती ओवाळून सगुण माझ्यावर मोठ्या श्रद्धेने फुंकर घालू लागला. बाहेरून घातलेल्या फुंकरीने आत हवा जात नाही हे मी ओरडून सांगितले असते, पण चेंडूला तोंड कुठले?

मी मऊ पडलो. मग अंगाला पोचा पडला. वाडीतली पोरे खिडकीतून "काका, तेका पंप मारूया?" म्हणाली, तर सगुण त्यांच्या अंगावर धावला. देवकी चोपडे नावाच्या नदीकाठच्या गावची मुलगी, तिला जे आहे ते सरळ दिसे.

"अहो, मऊ पडलो तो. बाजारातसून वारो भरून आणूया," ती म्हणायची.

"ज्या वाऱ्यान माका तारलां, तो भायर काडून बाजारचो वारो घालू? खुळी काय तू?"

जी हवा तो जपत होता ती केव्हाच उडून गेली होती. माझ्या भोकात कुंकू जाऊन बसले, अंगावर तेलाचे थर चढले. फुले रोज ताजी आणि मी रोज अधिक रिकामा. लोक पाया पडत तेव्हा मला वाटे, यांना माझी गरज पडली तर? ती भीती मला वर्षानुवर्षे कुरतडत होती.

आणि ती वेळ आली. पावसाळ्यात बार्ज नदीतल्या धक्क्याला बांधून ठेवतात. नारळी पुनवेला तिची आणि नदीची पूजा होते. सगुण दर वर्षी मला पाटावर ठेवून तिथे नेई. त्या वर्षी त्याची सहा वर्षांची मुलगी तनयाही फुलांची परडी घेऊन आली. देवकीच्या हातात नदीला वाहायचे दोन सुके असोले नारळ होते, शेंड्या एकमेकींना बांधलेले. धक्क्यावरून बार्जवर जायची फळी शेवाळाने बुळबुळीत झाली होती. तनयाचा पाय सटकला. लाल, फुगलेल्या पाण्यात परडी तरंगली आणि तनया दिसेना.

ती थोड्या अंतरावर वर आली. सगुणने मला डोक्यावर धरले. "हे माज्या देवा!" असे म्हणून त्याने अंगात होते नव्हते ते बळ लावून मला फेकले. मी फिरलो नाही. ओल्या फडक्यासारखा फडफडत गेलो आणि तिच्यापुढे पडलो. मित्रांनो, तनयाचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. याने बाबांना तारले, हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. जवळच बांबूचा वासा वाहत होता, तो तिने सोडला आणि मला दोन्ही हातांनी मिठी मारली. आम्ही दोघे बुडालो.

खाली अंधार होता. तिची लहान बोटे माझ्यात रुतत होती आणि तिला वर उचलून धरायला माझ्यात हवाच नव्हती. इतकी भीती मला समुद्रातही वाटली नव्हती.

वर सगुणचे पाय धक्क्याला खिळले होते. देवकी मात्र थांबली नाही. चोपड्याची पोरे सुके नारळ काखेत बांधूनच पोहायला शिकतात. तिने ती नारळांची जोडी काखेत मारली आणि उडी घातली. तिच्या हाताला तनयाची वेणी लागली. नारळांनी मायलेकींना वर धरले, रघुनाथने दोरी टाकली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून घेतले. तनयाने मला तेव्हाही सोडले नव्हते. पाणी ओकून झाल्यावर ती पहिले वाक्य बोलली, "बाबा, ह्यो तर बुडता!"

सगुणचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने मला हिसकावून नदीत भिरकावण्यासाठी हात उगारला. देवकीने तो हात धरला.

"तेच्यार कित्या रागावतात? तेच्या पोटात कायच नाय. इतकी वर्सां उपाशी ठेवलात तेका आणि फुलां घातलात!"

दुसऱ्या दिवशी तीच मला डिचोलीच्या बाजारात बाबुराव सायकलवाल्याकडे घेऊन गेली. सगुण मान खाली घालून मागून आला, खांद्यावर तनया. बाबुरावने सुईने माझे भोक मोकळे केले.

"नाकात कुंकू भरलात ओ देवाच्या! श्वास घेतलो कसो तेणी?" तो म्हणाला आणि पंप मारू लागला.

माझ्या सुरकुत्या दुखत दुखत उलगडल्या. मी फुगत चाललो तशी तनया खूश झाली. बापाच्या खांद्यावरून उतरून ती माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही गाल टम्म फुगवले आणि माझी नक्कल करत स्वतःच्या पोटावर दोनदा थापट्या मारल्या.

सगुण बघतच राहिला.

"परत कर बगूया," तो म्हणाला. तिने परत केले. सगुणने दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. त्याने आपले बोट पश्चिमेकडून गोल फिरवत पूर्वेकडे आणले आणि तिथेच धरून ठेवले.

"देवकी, तो आशीर्वाद देत नव्हतो गो," तो म्हणाला. "तो सांगत होतो, वारो भर. रोज सकाळी वारो भर." आणि तो मोठा माणूस भर बाजारात रडला.

आता मी देवांच्या फळीवर नसतो. बार्जच्या केबिनच्या दाराशी जाळीत टांगलेला असतो. उजाडले की सगुण पंप मारतो आणि तळहाताने माझे पोट दाबून बघतो. सुटीच्या दिवशी तनया मला पार मांगराच्या, म्हणजे घराशेजारच्या कोठाराच्या, कौलांवर फेकते, आणि तिथे मला अर्थातच भीती वाटते.

मित्रांनो, ज्याने तुम्हाला एकदा तारले, त्याला नुसते हात जोडून ठेवू नका. वस्तू असो की माणूस, टाळ्या आणि फुले पुष्कळ मिळतात, पण पोट दाबून बघणारा हात मिळत नाही. माझ्या सिओनेचा गुडघा नंतर कोणी बघितला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माझी खोट अजून तशीच आहे. आत्ता संध्याकाळ झाली आहे आणि मी मऊ पडू लागलो आहे. उद्या सकाळी सगुण विसरणार तर नाही ना?