झुंबरबाईंचं अर्धं कीर्तन

झुंबरबाईंनी स्वतःला नेम घालून घेतला होता. रोज पाच ओळी लिहायच्या, सुचलं तरी सहावी नाही. साठीला अक्षरं शिकलेली बाई, पण कारण ते नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एका दिवसाला तेवढाच राजवीर सोसतोय गं."

राजवीर त्यांचा एकुलता लेक. आठ वर्षांपूर्वी शिरोलीच्या कारखान्यात कामावर भट्टीपाशी भाजून गेला. त्या त्याच्यावर कीर्तन लिहीत होत्या. पूर्वरंगात क्षमेचं निरूपण, उत्तररंगात लेकाचं आख्यान. शिवाजी पेठेतल्या आमच्या महिला भजनी मंडळात कीर्तनाला जीव टाकणाऱ्या पुष्कळ, लिहिणारी ही एकटीच. निरूपणाला दोन वर्षं लागली. आख्यान आता त्या शेवटच्या सकाळपर्यंत आलं होतं. उंबऱ्यात वळून राजवीर काय बोलला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त लिहायचं होतं.

"कुठवर आलंय?" मंडळाच्या अध्यक्षा वर्षाराणींनी विचारलं.

"पोरगं घरातनं निघालंय."

"अजून घरातच हाय व्हय? अवो, शिरोलीला बशी काय कमी हायत?"

सगळ्या हसल्या. देवा, मीही हसले.

"बरं, वर्धापनदिनाला पूर्वरंग तेवढा करा," वर्षाराणी म्हणाल्या.

वर्धापनदिनाच्या सकाळी झुंबरबाई उभ्या राहिल्या. आवाज कापरा, पण क्षमेवर असं बोलल्या की माझ्या अंगावर काटा आला. मध्यंतराला वर्षाराणींनी रिवाजाप्रमाणं त्यांना बुक्का लावला, हार घातला आणि माईक हातात घेतला.

"बाईंचं राहिलेलं आख्यान आमच्या सूनबाईंनी, स्वप्नालीनं, दोन दिवसांत पुरं केलंय. उत्तररंग तीच करणार!"

"न्हाय वो," झुंबरबाई म्हणाल्या. "तिला काय ठावं त्यातलं?"

"बसा की वो. सरप्राईज हाय तुमाला."

स्वप्नालीचा गळा गोड. तिच्या आख्यानात राजवीरला ताप होता. उंबऱ्यात तो म्हणतो, "आई, आज नको धाडू." आई डबा देऊन त्याला बाहेर ढकलते. ती ओळ तिनं चारदा आळवली. बायका ढसाढसा रडल्या. टाळ माझ्या हातात होते आणि मी ते वाजवत राहिले.

"ताप नव्हता त्याला," झुंबरबाई शेजारच्या शालूबाईंना सांगत होत्या. शालूबाई डोळे पुसत जराशा बाजूला सरकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेले. पुढ्यात वही, हातात उघडं पेन.

"काय म्हणालावता गं त्यो?" त्यांनी मलाच विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"आठ वर्सं कानात हुतं. आता ऐकाय गेलं की ती पोरगी गाती."

"आठवंल. जोतिबा आठवण दिईल," मी म्हणाले.

त्यांनी कोरं पान काढलं. मग वहीवर वाकल्या आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहू लागल्या, "आई, आज नको..."