मी फक्त बाजूला बसायचे

त्या घरात सकाळी आधी आईचा आवाज उठायचा आणि मग आई. "भिंगरे, दूध बघ गं, उतू जाईल," हे ती अंथरुणातूनच सांगायची. भिंगरी म्हणजे तिची धाकटी मुलगी. ती मात्र गॅसपाशी नसायची, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसलेली असायची आणि दूध उतू जायचंच. मग आई ओटा पुसता पुसता म्हणायची, "लहानपणी एका जागी टिकत नव्हती म्हणून भिंगरी नाव पडलं. आता बसली की उठत नाही. कोणीतरी नाव तरी बदलून घ्या हिचं."

खालच्या मजल्यावर बाबांचं सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं दुकान होतं. वर हे घर. घरात आई-बाबा, भिंगरी, तिचा मोठा भाऊ दादा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. आत्याने लग्न केलं नव्हतं. मढवायच्या कापडावरची नक्षी ती काढून द्यायची. दुकानाचं नाव झालं ते त्या नक्षीमुळे, हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. पाटीवर बाबांचं नाव होतं आणि कोणी नक्षीचं कौतुक केलं की बाबाच "आपली कृपा" म्हणायचे. आत्याला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची. "खरं कसब भावाचं. मी फक्त बाजूला बसते."

भिंगरी कॉम्प्युटर शिकत होती. कॉलेज सांभाळून तिने एक वेगळंच काम अंगावर घेतलं होतं. बसमधून जाणाऱ्या अंध माणसाला पुढचा थांबा कोणता, हे फोनवर बोलून सांगणारा एक प्रोग्रॅम होता. तो कोणाच्या मालकीचा नव्हता. त्याचा कोड सगळ्यांना उघडा, कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा. जगभरची माणसं आपापल्या घरात बसून त्यात भर घालायची आणि जो जी दुरुस्ती करेल तिच्यापुढे त्याचं नाव कायमचं राहायचं.

"फुकट?" आत्याने एकदा विचारलं होतं.

"फुकट."

"परक्यांसाठी फुकट राबायला वेळ आहे, आणि घरातला पंखा पुसायला सांगितला की बाईसाहेबांना अभ्यास."

भिंगरी हसली आणि पंखा पुसायला स्टूल घेऊन आली. अशी ती होती. चिडायचं असलं तरी आधी काम उरकायची.

तिथे तिने खातं उघडलं तेव्हा आई घाबरली होती. "नाव घालू नकोस, फोटो तर मुळीच नको. मुलीच्या जातीने असं चव्हाट्यावर जाऊ नये." आईचं म्हणणं काळजीचं होतं, त्यात खोट नव्हती. म्हणून भिंगरीने खात्याला टोपणनाव दिलं, भिंगरी, आणि फोटोच्या जागी काहीच ठेवलं नाही. दूरदेशीच्या कोणी एक बाई त्या प्रोग्रॅमचं काम पाहत. त्यांच्याशी तिचं रोज लिहून बोलणं व्हायचं. पण भिंगरी हा मुलगा की मुलगी, म्हातारा की पोर, हे त्या बाईंना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना काम आवडत होतं, तेवढं पुरे होतं.

दर उन्हाळ्यात अशा खुल्या कामांसाठी विद्यार्थ्यांची निवड व्हायची. सुट्टीभर जाणत्या माणसाच्या हाताखाली काम, मानधन, आणि शेवटी सगळ्या जगाला दिसेल असं नाव. बाईंनी आपण होऊन लिहिलं, 'तू अर्ज कर. तुझ्याइतकं हे काम कोणाला ठाऊक नाही.' त्या दिवशी भिंगरीने दूध उतू जाऊ दिलं नाही. गॅस बंद करून ती ओट्याशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "आई, मला बोलावलंय."

आईला आनंद झाला. खरंच झाला. पण जेवायला बसल्यावर ती बातमी बाबांच्या कानावर गेली आणि बाबांनी ताटावरून मान वर करून मुलीकडे नव्हे, दादाकडे पाहिलं.

दादाचं काही धड चाललं नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तो अडकला होता आणि परत त्याच वर्गात बसत होता. मित्र नोकऱ्यांना लागले, हा खोलीचं दार लावून घ्यायला लागला. जेवायलाही सगळे उठल्यावर यायचा. आई त्याचं ताट झाकून ठेवून त्या दाराशी घुटमळायची. आणि भिंगरीचं? भिंगरीचं ठरलं होतं. चांगलं घर मिळालं होतं, उन्हाळा संपला की लग्न. नवऱ्या मुलाच्या आईने हसत हसत सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे कॉम्प्युटर-बिम्प्युटर नको हो, घर सांभाळणारी हवी.

"अर्ज दादाच्या नावाने करू," बाबा म्हणाले. "खात्यावर नाव नाही, फोटो नाही. कोणाला कळणार आहे?"

म्हणजे पोरीला जपायला म्हणून जो पडदा लावला, त्याच पडद्याआडून तिचं काम उचलून नेता आलं. आईच्या हे तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं, पण नंतर येऊन उपयोग काय?

समजूत घालायचं काम आईकडे आलं. बापाने ठरवायचं आणि आईने गळी उतरवायचं, ही वाटणी किती घरांत आहे ते ज्याचं त्याने पाहावं. दुसऱ्या दिवशी भिंगरीचे केस विंचरताना आई म्हणाली, "तुझं काय अडलंय सांग. तुझं सगळं ठरलं. त्याचं काहीच ठरत नाही."

"आई, ते काम माझं आहे."

"घरातलंच आहे ना? घरात कसलं आलंय माझं आणि तुझं?"

"मग दादाची खोली माझी का नाही?"

आईचा हात थांबला. मग ती पुन्हा विंचरायला लागली, जरा जोरातच. संध्याकाळी तिने अर्ज लिहिला. काय करायचं, कसं करायचं, कुठे अडचण येईल, सगळं तिच्या शब्दांत, आणि वर दादाचं नाव. दादा शेजारी बसून नखं खात होता. एकदा तो म्हणाला, "हे बरोबर नाही, भिंगरे." पण तेवढंच म्हणाला, आणि नको असं काही म्हणाला नाही.

अर्जावरची निवड होण्याआधी बाईंना प्रत्यक्ष बोलायचं होतं, व्हिडिओवर. दुपारची वेळ ठरली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला. कॅमेऱ्यात येणार नाही अशी, टेबलाच्या पायाशी, भिंगरी जमिनीवर बसली. मांडीवर कोरे कागद, हातात पेन्सिल. प्रश्न आला की तिने लिहायचं आणि दादाने वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. बाबा आणि आत्या सोफ्यावर, आई स्वयंपाकघराच्या दारात. सगळे श्वास रोखून, परीक्षा जणू त्यांचीच होती.

पडद्यावर पिकल्या केसांच्या बाई आल्या. बोलणं इंग्रजीत होतं. आईला ते कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. आधी सगळं ठीक चाललं. मग बाईंनी हसून काहीतरी विचारलं आणि दादा खाली, टेबलाच्या पायाशी पाहू लागला.

प्रश्न साधा होता. फोन एक थांबा उशिरा सांगायचा, ती चूक तुला कशी सापडली? भिंगरीला ती सापडली होती बसमध्ये. एकटी जाऊन, डोळे गच्च मिटून, फोन कानाला लावून ती बसली होती. आपला थांबा चुकला, मग पुढचाही चुकला, शेवटच्या थांब्यावर चालकाने तिला उतरवलं तेव्हा तिला रडू आलं होतं. अंध माणसाचं रोज असं होत असेल म्हणून. आणि तिथून पायी परत येता येता तिला कळलं होतं की कोड कुठे चुकतो. हे सगळं एका कागदावर लिहायचं कसं? ती भराभरा लिहू लागली. दादाला अक्षर लागेना. तो "पुस्तकात वाचलं" असं काहीतरी बोलून गेला.

बाईंचं हसू ओसरलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाजूला कोणी आहे का? पेन्सिलचा आवाज येतोय. त्यांना समोर येऊ दे."

भिंगरी उठली. कागद तसेच हातात. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या गालावर पेन्सिलचा डाग होता आणि आईला वाटलं, निदान तोंड तरी पुसायला हवं होतं हिने.

"भिंगरी तू आहेस का?" बाईंनी विचारलं.

आईला ते नाव ऐकू आलं. प्रश्न समजला. मुलीने वळून आईकडे पाहिलं. बाबांकडे नाही, आत्याकडे नाही, आईकडेच. एवढ्याशा नजरेत तिने सगळं विचारलं होतं. आणि आईने मान हलवली. नाही.

"नाही," भिंगरी म्हणाली. "काम दादाचं आहे. मी फक्त बाजूला बसायचे."

सोफ्यावर आत्याला इंग्रजी बऱ्यापैकी कळत होतं. ते वाक्य ऐकलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. ती उठली आणि कोणाशी न बोलता आत निघून गेली.

बाईंनी पुन्हा विचारलं, यावेळी अगदी सावकाश. काम तुझं असेल तर आज सांग. मला नावं आजच द्यायची आहेत. मी तुला सांभाळून घेईन. भिंगरीने मान खाली घातली आणि पुन्हा तेच सांगितलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. संध्याकाळी निरोप आला. दादाला काम येत नाही हे उघड होतं आणि ज्या मुलीला येत होतं तिने ते आपलं नसल्याचं दोनदा सांगितलं होतं. मग जागा द्यायची कोणाला?

घरात राग निघाला तोही तिच्यावरच. "जरा पटापट लिहायला काय झालं होतं?" बाबा म्हणाले. "भावासाठी एवढंही करता आलं नाही." भिंगरीने ऐकून घेतलं. लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरकामाला लागली. दूध उतू जाईनासं झालं. पंखे लखलखीत झाले. बाबा सगळ्यांना सांगू लागले, "आता कशी मुलगी शोभतेय." आईला ते कौतुक ऐकवेना. ज्या पोरीच्या नावाने रोज ओरडायचं, तिच्यावर ओरडायला आता काही राहिलंच नव्हतं. मुलगी घरातच होती आणि आईला तिची आठवण येत होती.

एका दुपारी आई आत्याच्या खोलीत गेली. आत्या नक्षीचा कागद पुढे घेऊन नुसती बसली होती.

"वन्सं, तुम्हाला कधी वाटलं नाही का, पाटीवर आपलं नाव असावं?"

आत्याने कागद बाजूला सारला. म्हणाली, "वहिनी, आता विचारताय?"

आई तडक दादाच्या खोलीत गेली. "त्या बाईंना बोलाव. आत्ता. मी बोलते आणि तू त्यांच्या भाषेत सांग." दादाने एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. तो ह्याचीच वाट बघत असावा. बाई पडद्यावर आल्या तशी आई पुढे सरली, पदर नीट करायचंही विसरली.

"काम माझ्या मुलीचं आहे. पहिल्यापासून. त्या दिवशी खोटं ती बोलली नाही, मी बोलायला लावलं. मान मी हलवली होती."

दादाने ते इंग्रजीत सांगितलं आणि शेवटी स्वतःचं जोडलं, "माझं त्यात काही नाही. मला लाज वाटते."

बाई म्हणाल्या, मला त्या दिवशीच कळलं होतं. संध्याकाळपर्यंत मी थांबले होते. पण ती स्वतः नाही म्हणाली, तिच्या शब्दापलीकडे मी कसं जाऊ? जागा भरल्या आता. ह्या उन्हाळ्यात मला काही करता येणार नाही.

आईने मागे पाहिलं. घडी घातलेले कपडे छातीशी धरून भिंगरी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ऐक," आई म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझ्या नावाने. फोटोसकट. आणि त्या मुलाकडच्यांना मी आजच सांगते, लग्नाचं आत्ता नाही. तुझ्या बाबांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

भिंगरीने कपडे खाली ठेवले. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद.

"आई, त्या बाईंनी मला दोनदा विचारलं," ती म्हणाली. "ज्यांनी मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी. तू एकदाही नाही विचारलंस."

आई तिथेच खुर्चीत बसली. तिला रडू फुटलं, पण तिने ते आवरलं, कारण आज रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळलं होतं.

"आता विचारते. तुला काय हवंय?"

मुलगी बोलायला गेली आणि थांबली. पुन्हा बोलायला गेली. शेवटी म्हणाली, "माहीत नाही गं. तेव्हा माहीत होतं."

त्या दिवशी आईने मुलाकडच्यांना खरंच सांगितलं. बाबांनी घर डोक्यावर घेतलं, ती डगमगली नाही. आत्या तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. एवढं झालं, पण त्या मुलीचा तो उन्हाळा गेला तो गेलाच, आणि लॅपटॉप अजून कपाटात आहे. आई रोज जेवताना विचारते. उत्तर अजून आलेलं नाही.

ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांनी आज ताटावर बसताना तिला हाच प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर येईपर्यंत पानावरून उठू नये. कोणी म्हणेल, आमच्याकडे असं काही नाही. नसेल तर फारच चांगलं. पण ते तुम्ही सांगू नका. तिला सांगू द्या.