न नेलेली माणसं

माझा बाप पंजाबराव पेंटर मेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. आमच्या बीबी गावात कोणी गेलं की घरचे पासपोर्ट फोटो घेऊन यायचे, आणि बाप त्यावरून कॅनव्हासवर चेहरा काढायचा. काम झालं की मूळ फोटो त्याच कॅनव्हासच्या पाठीला डकवायचा, हरवू नये म्हणून. मग फ्लेक्स आले. धंदा मेला, बापही मेला. घरात उरली न नेलेली माणसं. पंचवीस-तीस असतील.

ती मी पुसली. दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही.

लोणारला शेखरशेठनं हॉटेल बांधलं. त्याला खोलीखोलीत सरोवराचं चित्र पाहिजे होतं. खरं पाणी हिरवं आहे, वास मारतं. शेठ म्हणाला, "निळं काढ बे. हिरवं कोन पाह्यते?" नवा कॅनव्हास आणायला जालन्याला जावं लागतं. घरात ताणलेले पडलेच होते. चेहऱ्यांवर घासकागद मारला, नाकं-डोळे सपाट केले, पांढऱ्या रंगाचा हात दिला, वर निळं पाणी. शेठला पाठही कोरी पाहिजे होती, म्हणून फोटो भिजवून खरवडले. चुलीत टाकले.

चित्रं हॉटेलात गेली आणि पंधरा दिवसांत बेबीताई आली.

"अश्वजित ना तू? एवढुसा होता, नाकात शेंबूड," ती हसली. "माह्या मालकाचं चित्र न्यायले आली."

तिचा नवरा पुंजाजी विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला, तेव्हा मी शाळेत होतो. भावानं तिला पुण्याला नेलं होतं.

"अकरा वर्षांनी, बेबीताई?"

"भाऊ म्हने, माह्या भितीवर मेलेलं मानूस टांगायचं नाई. त्याचंच घर, मी काय बोलू? आता प्रतीक्षाचं लग्न हाये. फ्लेक्सवर बापाचा फोटो पाह्यजे. एकच होता, तो तुह्या बाबाजवळ देल्ला."

"मतदान कार्ड?"

"त्याच्यावर नुसता काळा ठिपका हाये. ठिपका लावू काय पोरीच्या लग्नात?"

वाळवी लागली म्हणता आलं असतं. मी खरं सांगितलं.

"पुसलं म्हंजे? वरचं काढलं तर खालून निंघत नाई?"

"नाही. घासून काढलं."

"कोन्त्या खोलीत हाये तो?"

तेही मला माहीत नव्हतं.

मी कागद-पेन्सिल घेऊन खाली बसलो. म्हटलं, तू सांग, मी काढतो. ती लगेच सावरून बसली. पुंजाजी चालताना डावा खांदा पाडायचा. खोकायचा दोनदाच. मीठ वरून घ्यायचा. सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

"नाक कसं होतं?"

"नाक..." ती थांबली. "नाकच होतं. लोकाईचं असते तसं."

"डोळे?"

"थांब नं बे. दिसून राह्यला मले. पाठमोरा हाये."

तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग मोबाइल काढून प्रतीक्षाचा फोटो माझ्यापुढे धरला.

"हिच्यावरून काढ. बापाचं काहीतरी असंनच."

मी पाहिलं. तिनंही पाहिलं, आणि मोबाइल पदराला पुसला.

"हे तर सारी माह्यावरच गेली," ती म्हणाली.

लग्नाला मी गेलो. विहारापुढं फ्लेक्स होता. नवरा-नवरी, मामा, गावचे सगळे पुढारी. कोपऱ्यात एक गोल, त्यात फ्लेक्सवाल्यानं गुलाबाचं फूल टाकलेलं. खाली अक्षरं: कालकथित पुंजाजी.

बेबीताई दारात पाहुण्यांना पाणी देत होती. तिनं मला पाहिलं.

"जेवून जाय," ती म्हणाली.

मी जेवलो.