बिनपाण्याची सहा झुडपं

"सोनल, आता मी जे सांगणार आहे त्यावर डहाणूपासून तलासरीपर्यंत एक माणूस विश्वास ठेवायचा नाही," काशीनाथने सुरुवात केली, आणि एवढं तरी तो खरं बोलला.

त्याची ही सून चुलत बहिणीचं लग्न आटपून नुकतीच तलासरीच्या माहेराहून आली होती. हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचेना. विहिरीपलीकडच्या रेताड पट्ट्यात तिची सहा झुडपं, चार लॅव्हेंडरची, दोन रोझमेरीची, काळीठिक्कर पडून माना टाकून होती. आठवड्यापूर्वी त्यांच्यावर जांभळी फुलं डोलत होती.

झुडपं भूमध्य समुद्राकाठची. उन्हात तापायचं आणि पाण्यावाचून फुलायचं, हा त्यांचा स्वभाव. नरपड गावातल्या त्या पट्ट्यात काशीनाथला चिकूची कलमं लावायची होती. शेवटी सासऱ्या-सुनेची पैज लागली. झुडपांनी अख्खा मे महिना बिनपाण्याने काढला तर पट्टा सोनलचा, नाहीतर चिकूचा.

"पाणी घालू नका हं बाबा," जाताना तिने तीनदा बजावलं होतं.

पण पन्नास वर्षं वाडीत पाणी फिरवलेला माणूस तो! दुसऱ्याच दुपारी त्याला ती करडी पानं बघवेनात. गुरं तहानलेली ठेवून आपण जेवायला बसलोय, असं वाटायला लागलं. त्याने मोटार चालू केली. झुडपं मलूल झाली तसं त्याने आणखी पाजलं. आज सकाळी एक नुसतं चाचपलं, तर मुळासकट हातात आलं. मूळ कुजून लिबलिबीत! काशीनाथने ते तसंच परत मातीत खोचून ठेवलं. पाण्याने झाड मरतं, हे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

खरं सांगावं, तर सून म्हणणार, पट्ट्यापायी मुद्दाम मारली.

"परवा अमावास्या होती ना," तो म्हणाला, "भर दुपारी उधाण आलं. उधाण कसलं, डोंगर! धाकटी डहाणू बंदरातल्या होड्या आपल्या चिकूंवरून गेल्या. एक खलाशी तर शेंड्याचे चिकू तोडून खात खात गेला."

ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या त्याच्या बायकोचा, कुसुमबाईचा, हात थांबला. "अहो, मी घरातच होते की परवा!"

"तू झोपली होतीस. तुझं घोरणं ऐकून लाट दारातूनच माघारी फिरली."

सोनल हसली नाही. "आणि माझी झाडं?"

"त्यांना वाटलं, माहेरचा समुद्र आला! माहेरी आलेली पोर जेवते तशी प्यायली गं. मी ओरडतोय, बास, बास! ऐकतील तर शपथ."

सोनलने चिमूटभर ओली माती जिभेला लावली. "खारट नाही लागत."

"रेतीतून गाळून आलं ना!"

आता तिची नजर झुडपांच्या बुंध्यांशी गेली आणि तिथेच खिळली. काशीनाथनेही पाहिलं. सहाही बुंध्यांभोवती गोल आळी खणलेली होती. काठ थापून गुळगुळीत केलेले, पाणी घ्यायला पाटाकडे तोंड ठेवलेलं, थेट वाडीतल्या चिकूंसारखी. सवयीचा हात कधी ती करून गेला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"बाबा," सोनल म्हणाली, "समुद्र येताना कुदळ घेऊन आला होता का? साफ खोटं बोलताय तुम्ही! मुद्दाम मारायची असती तर इतकी सुबक आळी केली नसतीत, तेवढं कळतं मला. पण पैज बिनपाण्याची होती, आणि पाणी तुम्ही घातलंत. पट्टा माझा!"